टाकीवरचा डाग

पारोळ्यात दानिशच्या गच्चीवर दोन कंपन्यांच्या दोन दुर्बिणी शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक दानिशच्या पसंतीची, दुसरी योगराजच्या. आकाशदर्शन मंडळासाठी यातली कोणती घ्यायची ते आज ठरणार होतं, आणि त्यापायी दानिश आणि योगराज या जिवलग मित्रांचं बोलणं आठवडाभर तिखट झालं होतं. चांदण्या निघायला अजून वेळ होता. तोवर नेहमीसारखी उजेडातच लांबची एक खूण धरून दोघांनी दुर्बिणी जुळवल्या. खूण होती योगराजच्या मळ्यातल्या घरावरची पाण्याची टाकी. भाव वाढेल म्हणून त्या घरात छतापर्यंत कापूस भरून ठेवलेला होता, आणि योगराजची आई तिथेच राहत होती.

दानिशने योगराजच्या दुर्बिणीला डोळा लावला. "टाकीच्या वर भुरकट डाग दिसतोय. तुझ्या कंपनीची काचच गढूळ आहे."

योगराजला ते झोंबलं. त्याने दानिशच्या दुर्बिणीत पाहिलं आणि त्याला हायसं वाटलं. "तुझीही काही वेगळी नाही. डाग हिच्यातही आहे, फक्त टाकीच्या खाली आहे."

"खाली?" दानिशचा आवाज एकदम उतरला. "अरे, माझी आरशाची दुर्बीण. तिच्यात सगळं उलटं दिसतं."

योगराजने पुन्हा डोळा लावला. डाग मघापेक्षा मोठा झाला होता, आणि हलत होता. दोन कंपन्यांच्या काचा एकाच जागी गढूळ होत नाहीत.

"माय घरमाच शे," एवढंच म्हणून तो जिन्याकडे धावला.