डोरीनची पहिली शिकार

"हलू नकोस! खोकायचंसुद्धा नाही," मेबल आत्या दबक्या आवाजात खेकसली.

डोरीन गवतात पोटावर पडून राहिली. समोरच्या वाळूच्या उतारावर, बिळाच्या तोंडाशी, एक सिक्सिक दोन पायांवर उभी होती. जमिनीतली ही खार. तांबूस अंग, पाठीवर पांढरे ठिपके, आखूड शेपटी.

"तोरा बघ तिचा!" आत्याचा आवाज एकदम मऊ झाला. "जूनमध्ये जन्मली तेव्हा आंधळी होती, अंगावर एकही केस नाही. आता ऑगस्ट सरतोय, तर आईच्या तोडीची झाली. स्वतःचं बीळ खणून मोकळी! इथली जमीन खाली गोठून दगड झालेली. मऊ कुठे लागेल, हे हिला बरोबर कळतं. आता सात-आठ महिने झोपेल. अंग बर्फाहून गार पडतं, पण मरत नाही पठ्ठी! वसंतात बर्फ फोडून हजर. आणि तू? दोन-दोन मोजे घालून कुडकुडतेस."

लहानपणी डोरीनला दूरच्या शहरात दत्तक दिलं होतं. पन्नाशीत ती अलास्कातल्या या आपल्या गावी परतली होती. सगळे गोड बोलायचे. पण आपण इथल्या की पाहुण्या, हे काही तिला उमगत नव्हतं.

इतक्यात डोरीनने बिळाच्या तोंडाशी लावलेला फास ताणला गेला आणि खार त्यात अडकली. डोरीनची पहिली शिकार! आनंदाने ती उठून बिळाकडे धावली.

घरी आल्यावर आत्याने खार सोलली, कातडं ताणून वाळत घातलं आणि मांस शिजवलं. मग भांडं पुढ्यात ओढून एकटीच खायला बसली. डोरीन सकाळपासून उपाशी होती. आत्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हाडं चोखली, बोटांवरची चरबी चाटली. डोरीन उठून बाहेर गेली.

आत्याची सून एस्तर मागोमाग आली. "अगं, रडतेस काय?"

"एक घास तरी विचारायचा! मी परकी आहे, तर तोंडावर सांगा ना."

एस्तर हसत सुटली. "वेडी की काय तू! परक्याने शिकार आणली, तर पहिला घास त्यालाच देतो आम्ही. घरच्या लेकराची पहिली शिकार मात्र म्हातारीनं एकटीनं संपवायची. लेकराला चाखायलाही द्यायची नाही. माझा मुलगा तर त्याच्या वेळी दिवसभर भोकाड पसरून बसला होता!"

डोरीनने डोळे पुसले.

आतून आत्या ओरडली, "एस्तर, पोरगी उपाशी आहे गं, तिला सुका मासा दे! रस्स्याचा थेंबही चाखू देऊ नकोस हं!"