मध्यंतरीचा बुक्का

"पगडीवरून घालायचं की पगडी काढून?" अच्युतबुवांनी विचारलं.

पूर्णिमाने वडिलांची पगडी अलगद उतरवली आणि त्यांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवला. यंत्राने उभ्या केलेल्या जगात माणूस खरोखर पोचतो केव्हा, या एका प्रश्नामागे तिचं उभं आयुष्य गेलं होतं. देशात हा विषय कोणाला ठाऊक नव्हता, तेव्हापासून. नवा रायपूरच्या तिच्या प्रयोगशाळेत बाबा मात्र आज पहिल्यांदा उभे होते.

बुवांसमोर, आणि तिच्यापुढच्या पडद्यावरही, सभामंडप उजळला. सतरंजीवर माणसं बसलेली.

"अभनपूरच्या कीर्तनासारखं झालं तर? पूर्वरंग होईल गं. तिथे आख्यानातच कथा हरवली माझी, भर देवळात. तेव्हापासून उभा राहायची छाती होत नाही."

"हे लोक हसणार नाहीत, बाबा. मीच घडवलेत."

"हसणार नाहीत. झोपतील तरी काय?"

"मागचे दोघं आतापासूनच झोपून राहिले."

बुवा खुदकन हसले. झांज वाजली. नमन, निरूपण, नामाचा गजर. पूर्वरंग निर्मळ पार पडला. मग ते थांबले. मान खाली घातली. थांबूनच राहिले.

"बुवाजी को क्या हुआ?" तिचा सहायक अनिमेष पुटपुटला.

पूर्णिमाला उमगलं. कीर्तनाच्या मध्यंतरी श्रोत्यांतलं कोणी उठून बुवांच्या कपाळाला बुक्का लावतं, त्याशिवाय आख्यान लागत नाही. तिने घडवलेल्यांपैकी एकालाही उठता येत नव्हतं.

"शाम तक एक हाथ बना देता हूँ, मॅडम."

बुवांची मान तशीच. हेडसेट काढावा, तर समोर रिकामी खोली.

तिने त्यांच्या झोळीतली बुक्क्याची डबी उघडली. कपाळ तर हेडसेटने झाकलेलं. तिचं बुक्क्याचं बोट हेडसेटकडेच वळलं.

"मॅडम, वहाँ कॅमेरा है! सब बंद हो जाएगा!"

त्या कॅमेऱ्यावरच सारा मंडप उभा होता, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिने बोट टेकवलं, हेडसेटच्या ऐन मध्यावर.

पडद्यावरचा मंडप थरथरला. माणसं विस्कटली. काळोख झाला.

बुवांनी मान वर केली.

"लाइट गेली वाटते," ते म्हणाले. "उठू नका, मंडळी. आख्यान काही विजेवर चालत नाही."

आणि त्यांनी कथा लावली.

मंडप पुन्हा चालू करायला अनिमेषचा हात बटणाकडे गेला. पूर्णिमाने तो धरला.

"बस खाली," ती हळूच म्हणाली, आणि फरशीवर मांडी घालून बसली.