माहेरची पॉथेकरी, सासरची पॉथेकरी

मागच्या गल्लीनं येऊनही कुणाच्या नजरेतून सुटता आलं नाहीच. कुंपणापलीकडे म्हातारा जॉब कोबीवरच्या अळ्या वेचत होता. त्यानं तोंडातला पाइप काढला.

"मेल्समबाई! वाट चुकलात की काय? औषधाचं दुकान तिकडं, हमरस्त्यावर. तुमच्याच नवऱ्याचं आहे!"

हेस्टर मेल्सम तशीच पुढं निघाली. सहा वर्षांच्या लेकीचा, विनीचा हात तिनं आणखी घट्ट धरला. तेवढ्यात पोरीला उबळ आली. ती वाकली, खोकत राहिली, खोकतच राहिली, चेहरा जांभळा पडला. शेवटी श्वास आत ओढताना तिच्या गळ्यातून तो लांबलचक आवाज निघाला, कोंबडा आरवावा तसा. जॉबनं पाइप परत तोंडात धरला आणि तो कोबीवर वाकला.

हेस्टरनं दार वाजवायच्या आधीच ते उघडलं. दारात केझाया पॉथेकरी उभी होती. कोपरापर्यंत हात पिठानं पांढरे.

"किती दिवस झाले?"

"सहावा आठवडा."

"आणि दुकानातली बाटली?"

"तीन संपल्या." हेस्टरची मान खाली गेली. "काल रात्री दोनदा श्वास अडकला तिचा. मला वाटलं, आता परत येत नाही."

केझायानं विनीकडं पाहिलं. विनीनंही तिच्याकडं पाहिलं, धीटपणे, कारण या बाईला गावातली सगळी पोरं ओळखत. दोरीवरच्या उड्या मारताना ती तिचंच गाणं म्हणत:

माहेरची पॉथेकरी, सासरची पॉथेकरी,
नाव नाही हललं गं, लग्न झालं तरी.
तिच्या हातचा पाव घे, वर लोणी लाव,
डांग्या खोकल्या, टेकडीपल्याड धाव!

लग्न होऊनही जिचं आडनाव तेच राहिलं, तिच्या हातच्या लोणी-पावानं डांग्या खोकला जातो, हे आजूबाजूच्या साऱ्या गावांना ठाऊक होतं. त्यात हे आडनाव पॉथेकरी. कधीकाळच्या औषधं विकणाऱ्यांचं. आता त्या घराण्यातले पुरुष गवतानं छपरं शाकारत, औषधाच्या बाटलीला कुणी हात लावून दोनशे वर्षं झाली असतील. पण नाव टिकून होतं आणि लोक येत होते.

"केझायाबाई," हेस्टर म्हणाली, "ईस्टरला चर्चच्या पायरीवर मी जे बोलले..."

"छान बोललीस की. 'आडनावात औषध असलं म्हणून हाताला गुण येत असता, तर त्या किंगांच्या घरी मुकुट सापडला असता.' केवढे हसले लोक! मीही हसले असते, पण तू माझ्याकडं बघून बोलत होतीस."

"मला माफ..."

"गप्प!" केझायानं पिठाचा हात वर केला. "तसले शब्द या दारात चालत नाहीत. विनवणी नाही, माफी नाही, पैसा नाही, आभार नाहीत. एक जरी तोंडातून निसटला, तर पाव म्हणजे नुसता पाव. घरच्या माणसाकडं मागतात तसं मागायचं."

माफी हेस्टरनं तीन दिवस घोकून आणली होती. तेवढीच तर पांघरायला होती. आता तीही काढून ठेवायची, आणि असं उघडं उभं राहायचं.

"पाव दे," ती पुटपुटली.

"जॉबला नाही ऐकू गेलं तरी चालेल. पण मला ऐकू यायला हवं."

"पाव दे. लोणी लावून. माझ्या पोरीला."

ईस्टरच्या दिवशीचाच तो सूर होता, हुकूम सोडल्यासारखा. हेस्टरनं स्वतःचा तो सूर आज पहिल्यांदा ऐकला. तिचे कान तापले.

केझाया आत गेली. पाव छातीशी धरून तिनं आधी कापलेल्या अंगाला लोणी फासलं, मग सुरी आपल्याकडे ओढत पातळ काप काढला, आणि उंबऱ्यावर येऊन विनीच्या हातात ठेवला.

घरी शिकवलं होतं तसे विनीनं गुडघे किंचित वाकवले. वर पाहिलं. तोंड उघडलं.

"थँ..."

हेस्टरनं झडप घालून पोरीचं तोंड दाबलं.

केझाया म्हणाली, "वळण चांगलं लावलंयस हो पोरीला."

हेस्टरनं हात काढला. विनी खाऊ लागली. तिचं नाक, ओठ, हनुवटी लोण्यानं माखली.

"नऊ दिवस यावं लागेल," केझाया म्हणाली. "आणि हे बघ, मागच्या गल्लीनं नको. समोरून येत जा."

दार लागलं. जे म्हणायचं नव्हतं ते सगळं हेस्टरच्या तोंडात गरम घासासारखं अडकलं होतं. गिळताही येईना.

गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. डावीकडं पडीक मळ्यातली वाट, तिथं कुणी भेटत नाही. उजवीकडं हमरस्ता, आणि त्यावर निळ्या-हिरव्या बरण्यांची मोठी काच. काचेमागं या वेळी तिचा नवरा असणार, आणि गिऱ्हाइकंही.

सवयीनं तिनं बाहीतला रुमाल काढला आणि विनीच्या हनुवटीकडं नेला.

मग तो तसाच घडी करून परत बाहीत खोचला, आणि लोण्यानं चकाकणाऱ्या तोंडाच्या पोरीला घेऊन ती उजवीकडं वळली.