आतली ओळ

बाबांनी विसरून पुन्हा गोळी घेऊ नये, म्हणून नोकरी सोडून घरात अडकलेली लेक मोबाइल अ‍ॅप बनवायला शिकत होती. गोळी घेतली की बटण दाबायचं. पण कितीदाही दाबलं तरी स्क्रीनवरचा गोळ्यांचा आकडा एकवरच थिजून राही.

"वेडाबाई, आकडा साठवणारं व्हेरिएबल बटणाच्या फंक्शनच्या आत घोषित केलंयस!" फोनवर मैत्रीण हसली. "दर वेळी ते नव्यानं शून्यावर येतं. मागचं काही लक्षातच राहत नाही त्याच्या. ती ओळ बाहेर काढ."

तिनं ओळ बाहेर नेली, दोनदा बटण दाबलं. आकडा दोनवर सरकला.

"जमलं, बाबा!"

"शाब्बास! हाक मार तुझ्या आईला, तिलाही दाखव."

तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि आई गेल्याचं हलकेच सांगितलं.



बाबा आजही पहिल्यांदाच रडले.