रिकामा चौकोन

"सर साडेअकराच्या एस.टी.ने येतायत," मालक नानासो म्हणाले, आणि दीपमालाच्या हातातला चहा बशीत सांडला.

"कुठले सर?"

"आवं, तुमचेच. साळुंखे सर. साताऱ्याचे." नानासोंनी खुर्चीमागच्या भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "नंबर तिथंच छापलाय की. काल लावला फोन. लगेच तयार झाले."

फ्रेममध्ये दीपमालाचं सर्टिफिकेट होतं. साताऱ्यातल्या कॉम्प्युटर क्लासचं, खाली सरांची झोकदार सही. परदेशी पाहुणे आले तर दिसावं म्हणून नानासोंनीच हौसेनं लावलेलं. खरं तर ते तिच्या नणंदेचं, प्रियंकाचं. नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी, पट्टीवर टाइप केलेलं 'दीपमाला', आणि सगळ्याची मिळून रंगीत झेरॉक्स. सातारा दीपमालानं पाहिला होता तो एस.टी. स्टँडपुरता. कॉम्प्युटर ती शिकली इथेच, सांगलीजवळच्या माधवनगरच्या या टॉवेलच्या कारखान्यात, रोज तासभर लवकर येऊन, चुकत चुकत. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून घरात पगार तिचा एकटीचाच.

आता सर येणार, तिच्याकडे बघणार आणि म्हणणार, या कोण?

सगळं झालं एका फॅक्समुळे. हॉलंडच्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं, एक जानेवारी नव्व्याण्णवपासून आमच्याकडे युरो नावाचं नवं चलन, बिलावर त्याची खूण हवी. खूणही काढून धाडली होती. पोटात दोन आडव्या रेघा मारलेली चंद्रकोर. कॉम्प्युटर जुना, प्रिंटर त्याहून जुना. दोघांनाही ती खूण ठाऊक नव्हती. तिच्या जागी यायचा रिकामा चौकोन. चार दिवस दीपमाला त्या चौकोनाशी भांडत होती.

ती दारापर्यंत तीनदा जाऊन आली. मग स्टुलावर चढून फ्रेमला हात घातला, तोच नानासो आत आले.

"पुसताय व्हय? पुसा, पुसा. सरांची सही चकाकली पाहिजे."

तिने पुसली.

सर आले ते पन्नाशीचे, अंगात सैल कोट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दारातच बूट काढून त्यांनी भिंतीकडेला जोडीने ठेवले.

"असू द्या सर, आमच्यात चालतं," नानासो म्हणाले.

"नको. मशीनला धूळ चालत नाही."

"सर, ही तुमची विद्यार्थिनी," नानासो कौतुकाने म्हणाले. "वळखली का?"

सरांनी फ्रेमकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दीपमालाच्या पायांकडे बघत म्हणाले, "हो तर. हुशार होत्या."

दीपमालाने टेबलाची कड धरली.

"कोणत्या सालच्या तुम्ही, मॅडम?"

"शहाण्णव. सकाळची बॅच."

सरांनी रुमाल काढून कपाळ टिपलं. सांगलीत डिसेंबरात कुणाला घाम येत नाही. हे मला वाचवतायत, दीपमालाला वाटलं, पण का? प्रियंका तर म्हणायची, सर लय कडक, मराठीत शब्द बोलत नाहीत. हे तर गायीसारखे. माणसं बदलतात म्हणा.

सरांनी आधी कॉम्प्युटरवरचं आच्छादन काढलं, त्याची नीट चौपदरी घडी घातली, पडदा पुसला, की-बोर्डच्या फटी पुसल्या. मग सोबत आणलेली फ्लॉपी घातली. पाचदहा मिनिटं घरघर झाली आणि पडद्यावर चंद्रकोर उगवली.

"आली!" नानासो ओरडले.

प्रिंटर करकरला. कागदावर पुन्हा तोच रिकामा चौकोन.

सर चौकोनाकडे बघत राहिले. "आता हे कसं हुयाचं?" ते पुटपुटले.

"पडद्याला कळलं, प्रिंटरला कुठं कळलंय," दीपमाला म्हणाली. "प्रिंटरच्या पुस्तकात शेवटी एक पान आहे, सर. आपलं अक्षर आपणच ठिपक्यांनी बनवायचं."

"मग बनवा की. तुम्हीच बनवा. मी बघतो."

तिने टॉवेलच्या नक्षीचा चौकटीचा कागद ओढला. तिचा बाप गिरणीत काठाची नक्षी अशीच मांडायचा. एक चौकोन, एक धागा. तिने चौकोन भरले, आकडे मोजून मशीनला दिले. पहिल्यांदा चंद्रकोर उताणी पडली. दुसऱ्यांदा रेघा पोटाबाहेर गेल्या. सर तिच्या बोटांवरून नजर काढत नव्हते. तिसऱ्यांदा जशी हवी तशी उमटली.

"सर, कमाल केलीत!" नानासोंनी त्यांचा हात धरला.

"मी कुठं? मॅडमनीच केलं."

"आवं, पण शिकवलं कुणी?"

सरांनी घाईनं बूट चढवले. जेवायलाही थांबले नाहीत.

ते गेल्यावर दीपमालाला फ्लॉपी दिसली, मशीनमध्येच राहिलेली. ती घेऊन धावत ती स्टॉपवर गेली. एस.टी. अजून आली नव्हती. तिला रात्रभर झोप लागली नसती. आता काय ते सांगून टाकायचं.

"सर, थांबा. माझं एक खोटं आहे, ते तुम्हाला..."

तिला पाहताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"मॅडम, मालकास्नी सांगू नका. मी जोतीराम. क्लासचं शटर उघडतो, मशिनी पुसतो. सत्त्याण्णवात लागलो. खरे सर गेले पुण्याला. फोन मी उचलला, मालक म्हणले 'सर का?', आणि माझ्या तोंडून व्हय गेलं. काचेतून बघून बघून शिकलोय, एकदा खुर्चीत बसावं वाटलं. तुमी तर सरांना वरीसभर रोज बघितलेलं. दारातच वळखलं असणार, तरी गप बसलात."