स्वल्पविरामाची दुरुस्ती

२०१० साली त्या दोघी जावा मिळून एक धडधाकट बाई होत होत्या. थोरलीला दिसेनासं झालं होतं आणि धाकटीला ऐकू येईनासं.

“आता थांबते का?” धाकटीनं ओरडून विचारलं.

“डोळे गेलेत माझे, कान नाही. हळू बोल,” थोरलीही ओरडूनच म्हणाली. तिनं हेडफोन कानांवर नीट बसवला, थोडं ऐकलं आणि मान हलवली. “थांबते. कालच्यापेक्षा जरा बरी थांबते.”

धाकटी खूश झाली आणि पुन्हा संगणकात डोकं घालून बसली.

थोरली जन्मभर कादंबरीत नाक खुपसून बसलेली. नजर गेली तशी तिच्या मुलीनं पुस्तकं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम संगणकावर बसवून दिला आणि ती आपल्या गावी निघून गेली. पण त्या आवाजातली बाई स्वल्पविरामाला थांबायची नाही की पूर्णविरामाला. लग्न, खून, पत्ता, रडणं, सगळं एका दमात. थोरलीनं हेडफोन खिळ्याला टांगला. “संपलं माझं वाचन,” असं ती भेटेल त्याला सांगू लागली. भेटायला येणारेही मग कमी होत गेले.

ही बातमी धाकटीच्या कानावर पोचायला वेळच लागला. दोघींचं कधी फारसं जमलं नव्हतं. एका स्वयंपाकघरात होत्या तेव्हा खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून त्यांनी उन्हाळेच्या उन्हाळे अबोला धरला होता. वेगळ्या घरांत गेल्यावर लग्नात भेटल्या तर भेटल्या. पण धाकटीनं निवृत्त होईपर्यंत एका कचेरीत प्रोग्राम लिहिले होते. बाई थांबत का नाही, या प्रश्नानं तिला चैन पडेना. ती थोरलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“हा आवाज एका लायब्ररीतून येतो, जाऊबाई.”

“लायब्ररी? मग पुस्तकं कुठायत?”

“पुस्तकं नाहीत. आयता लिहून ठेवलेला प्रोग्राम असतो, दुसरे प्रोग्राम त्यातून हवं ते उचलतात. हा तर सगळ्यांना खुला आहे. कुणीही उघडून बघावं, आपली प्रत उतरवून घ्यावी, सुधारावी.”

“आणि ज्यांचा आहे ते रागावत नाहीत?”

“उलट आभार मानतात.”

“कुठल्या जगातली माणसं म्हणायची ही!” थोरली म्हणाली. “बस. खुर्ची खिडकीपाशीच आहे.”

धाकटीनं लायब्ररीची प्रत थोरलीच्याच संगणकावर उतरवली. मग रोज दुपारी ती यायची, एखादी ओळ बदलायची आणि थोरलीला ऐकायला लावायची. स्वतः ऐकण्यात अर्थ नव्हता. तिच्या कानयंत्रातून तो आवाज म्हणजे नुसती भुणभुण. थोरलीचा निकाल तोच खरा. “सुधारली.” “पूर्णविरामाला छान, स्वल्पविरामाला अजून घाईत आहे.” मग चहा व्हायचा, आणि चहावर दोघी गेलेल्या सासूच्या नकला करायच्या.

त्या दिवशी थोरली हेडफोन काढून म्हणाली, “वा! आज तर अगदी माणसासारखी वाचते.” आणि भिंतीला हात लावत चहा ठेवायला गेली.

धाकटीनं समाधानानं पडद्याकडे पाहिलं आणि ती चमकली. शेवटची ओळ अर्धीच लिहिलेली होती. कंस उघडला होता, मिटायचा राहिला होता. अशा प्रोग्रामच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग बाई बोलली कशी?

तिनं मुद्दाम त्या फाइलमध्ये हाताला येतील ती अक्षरं बडवली आणि वाचन पुन्हा सुरू केलं. हेडफोन तळहातावर धरला. तळहाताला गुदगुल्या झाल्या. बाई बोलतच होती.

आता तिला राहवेना. वाचणारा प्रोग्राम लायब्ररी नेमकी कुठून उचलतो, हे तिनं संगणकालाच विचारलं. उत्तर एका ओळीत आलं. मुलीनं सुरुवातीला बसवलेली जुनी लायब्ररी वेगळ्याच कप्प्यात होती आणि प्रोग्राम तिथूनच घेत होता. प्रत उतरवली, पण आता हिच्यातून घे, हे सांगायचं धाकटी विसरली होती. मीठ एका बरणीत घालायचं आणि वाढायचं शेजारच्या बरणीतून, तशातली गत. आजवरची एकही सुधारणा त्या बाईच्या गळ्यापर्यंत पोचली नव्हती.

मग थोरली रोज काय ऐकत होती?

‘चेष्टा करते माझी,’ धाकटीला वाटलं. जुना राग वर आला. पण तिनं बडवलेली अक्षरं पुसली, कंस मिटला आणि प्रोग्रामला नव्या प्रतीचा रस्ता दाखवला. चहा घेऊन आलेल्या थोरलीला ती एवढंच म्हणाली, “एकदा ऐका.”

थोरली ऐकू लागली. या वेळी तिनं लगेच निकाल दिला नाही. पान संपलं असावं, दुसरं लागलं असावं. चहावर साय धरली. कादंबरीत कुणीतरी कुणाला सोडून निघालं असणार. थोरलीनं तोंडावर हात ठेवला आणि तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी आलं. खूप वेळानं तिनं हेडफोन उतरवला.

“कशी वाचते?” धाकटीनं विचारलं.

“बिघडवलीस की गं,” थोरली म्हणाली. “कालपर्यंत बरी होती. उद्या येऊन बघावं लागेल तुला.”

धाकटी तिच्या ओल्या गालांकडे बघत राहिली.

“उद्या लवकरच येते,” ती म्हणाली. “फारच बिघडलीय.”

धाकटीनं पाठवलेली सुधारणा लायब्ररीच्या मालकांनी आभार मानून ठेवून घेतली. पुढच्या आवृत्तीपासून ती बाई सगळ्यांच्याच घरी स्वल्पविरामाला थांबू लागली. मुलगी आईला न्यायला दोनदा आली आणि दोनदा एकटीच परत गेली. धाकटीचं कानयंत्रही पुढे निकामी झालं. मग थोरली तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढून बोलायची. थोरली पुष्कळ वर्षं जगली. सकाळ-संध्याकाळ ऐकून तिनं कपाटं भरतील इतक्या कादंबऱ्या संपवल्या. तिच्या मते मात्र ती बाई शेवटपर्यंत दुरुस्त झाली नाही.