तोतरा युवराज

"युवराज तोतरा निघाला," तिने पडद्यावरची बातमी मोठ्याने वाचली आणि लगेच जीभ चावली.

रविवारची दुपार होती. लॅपटॉप स्टुलावर आणि दोघं सोफ्यावर. राजघराण्याचा हा खेळ ते लग्न झाल्यापासून खेळत आले होते. राजा मेला की त्याचा वारस गादीवर बसायचा आणि घराणं पुढे चालायचं. कामाची वाटणी ठरलेली होती. वाचायचं तिने आणि माउस चालवायचा त्याने, कारण बोलताना त्याची जीभ अडखळायची, आणि मोठ्याने वाचायचं म्हटलं की पारच अडून बसायची.

तो इस्पितळात एक्स-रे काढायचा. "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" एवढं मात्र त्याच्या तोंडून घडाघडा निघायचं. ती चष्म्याच्या दुकानात होती आणि बडबडीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सातवा महिना लागल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाला आता बाहेरचं ऐकू जातं हं, बोलत राहा त्याच्याशी." ती तर गिऱ्हाइकांच्या तक्रारीसुद्धा पोटाला सांगायला लागली. त्याने मात्र त्या दिवसापासून मिठाची गुळणी धरली होती. हो, नाही, चहा, झोपतो. तिने विचारून पाहिलं, रुसून पाहिलं, एकदा तर भांडूनही पाहिलं. एकटीने भांडण्यात काही मजा नसते. तिला घरात त्याचा आवाज हवा होता, अडखळता का होईना.

आता माउसचा बाण मुकाट्याने 'वारसा काढून घ्या' या बटणाकडे निघालेला तिला दिसला.

"ए, काय करतोयस?"

"म... मठात पाठवू याला. धा... धाकट्याला देऊ गादी."

कित्येक दिवसांत तो एवढं लांब बोलला नव्हता. बोलला म्हणून तिला बरं वाटलं आणि जे बोलला त्याचा राग आला.

"का म्हणून? बघ तरी, किती गोड आहे तोंड."

"द... दरबारात हसतात."

तिने त्याच्या हातावर हात ठेवून माउस अडवला. तो तिचा हक्कच होता. मागे ती आंघोळीला गेलेली असताना त्याने परस्पर एका बेवड्या पुतण्याला गादी दिली होती आणि राज्य पार बुडालं होतं. तेव्हापासून वारसाचा निर्णय दोघांचे हात माउसवर असल्याशिवाय होत नसे.

"वारस हाच," ती म्हणाली. "चल, उघड त्याचं झाड."

कौशल्यांचं झाड उघडलं. तीन फांद्या होत्या, तलवार, तिजोरी आणि वाणी. एकदा फांदी धरली की जन्मभर तीच.

"त... तलवार दे मग," तो म्हणाला. "बो... बोलायला नको."

"म्हणजे ह्यालाही काचेच्या आड अंधाऱ्या खोलीत बसवायचं?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जरा जास्तच लागलं असेल. पण तो चक्क हसला.

"ब... बरं चाललंय की माझं."

"हो, फारच." तिने दोघांच्या हातांनी मिळून बाण वाणीकडे ओढला.

"तो... तोतऱ्याला तिथे दु... दुप्पट गुण लागतात."

"लागू देत. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?"

फांदीवरचं पहिलं पान हिरवं झालं. मग खेळाने विचारलं, युवराजाचा शिक्षक कोण? तिने यादीतल्या पंडितांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाण सरळ राजावर, म्हणजे पोराच्या बापावर नेला. तशी त्याने माउसवरून हात काढून घेतला.

"बापाकडून नको."

हे वाक्य जराही अडखळलं नाही, म्हणून ती दचकली.

"का नको?"

"ऐ... ऐकून ऐकून उचलेल तो. मा... माझं."

युवराजाविषयीचं बोलणं कधीच संपलं होतं, चाललं होतं ते बाळाविषयी, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. इतके दिवस ती समजत होती की याला बाळाचं काही वाटत नाही. हसावं की रडावं तिला कळेना.

"अरे वेड्या, सर्दी आहे का ती, लागायला? मी इतकी वर्षं ऐकतेय, मला लागलं?"

"तू मो... मोठी आहेस."

"आणि आलंच त्याच्या वाट्याला," ती म्हणाली, "तर घरात एक तरी जाणता माणूस हवा की नको त्याला? त्याला मिक्सर ऐकू येतो. वरच्या मजल्यावरची भांडणं ऐकू येतात. फक्त बापच ऐकू येत नाही."

तो हळूहळू सोफ्यावरून खाली उतरला, जमिनीवर बसला आणि तिच्या पोटाजवळ तोंड नेलं. घसा खाकरला.

"ब... बा... बा..."

शब्द अडला. त्याच्या कानशिलावरची शीर फुगली. तेवढ्यात आतून अशी सणसणीत लाथ बसली की तिचा झगा हलला. तो चपापून मागे सरकला आणि त्याने ओठ मिटून घेतले.

तिने त्याचं डोकं धरून परत जवळ ओढलं आणि पोटाला दटावलं, "ए, मध्ये बोलायचं नाही. बाबांचं वाक्य पुरं होऊ दे."